वेब एपीआय: तंत्र कमावलं, भरवसा गमावला

जानेवारी २०२३ मध्ये एका रात्रीत ट्विटरिफिक आणि ट्वीटबॉट ही ट्विटर वापरण्याची दोन नावाजलेली अ‍ॅप बंद पडली. वापरणारे गोंधळले. बनवणाऱ्यांकडेही सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण त्यांनाच कुणी काही कळवलं नव्हतं. ट्विटरने त्यांचा संपर्क तोडला होता. बाहेरच्या कुणी ट्विटरला पर्यायी अ‍ॅप बनवू नये, हे कलम नियमावलीत आलं ते त्यानंतर काही दिवसांनी. ट्विटरिफिक २००७ पासून चालू होतं. ट्विटरची ओळख बनलेलं पक्ष्याचं चिन्ह आधी या अ‍ॅपने वापरलं होतं. बोटाने पडदा खाली ओढला की मजकूर ताजा होतो, ही आज सगळीकडे दिसणारी सोय लोरेन ब्रिक्टर यांनी ट्वीटी या अशाच एका बाहेरच्या अ‍ॅपसाठी शोधली. ट्विटरवरचा शोधही मूळचा समाइझ या दुसऱ्या कंपनीचा. २००८ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली.

हे सगळं घडलं ते ट्विटरने सप्टेंबर २००६ मध्ये खुल्या केलेल्या एपीआयमुळे. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची ठरवून दिलेली रीत. अमुक पत्त्यावर, अमुक पद्धतीने विचारा, अमुक स्वरूपात उत्तर मिळेल, आणि आज मिळालं तसंच उद्याही मिळेल. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. वेबवरचं एपीआय हा अनोळखी माणसांना जाहीरपणे दिलेला शब्द असतो आणि त्या शब्दावर ती माणसं आपली वर्षं खर्च करतात.

वेब एपीआयचा इतिहास सहसा तंत्रांच्या वंशावळीसारखा सांगितला जातो: आधी सोप, मग रेस्ट, मग ग्राफक्यूएल. ही वंशावळ खरी आहे, पण तेवढ्यावर या कलेचं मोल ठरत नाही. शब्द किती स्पष्ट दिला आणि किती पाळला, ही कसोटी लावली की चित्र पालटतं. एपीआयची मांडणी आज पूर्वी कधीही नव्हती इतकी सफाईदार आहे. त्यावरचा भरवसा मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत सतत घसरला आहे.

सुरुवात झाली ती मोठ्या कंपन्यांच्या गरजेतून. १९९८ मध्ये डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टमधल्या सहकाऱ्यांनी एक्सएमएल-आरपीसी ही साधी पद्धत बांधली. त्यातूनच सोप उभं राहिलं आणि २००३ मध्ये त्याच्या १.२ आवृत्तीला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची शिफारस मिळाली. जोडीला सेवेचं वर्णन करणारं डब्ल्यूएसडीएल आलं, सेवांची जागतिक यादी ठेवणारं यूडीडीआय आलं. जगभरच्या सेवा त्या यादीत नोंदवल्या जातील आणि प्रोग्राम आपापले व्यवहार जुळवतील, असं ते स्वप्न होतं. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ही सार्वजनिक यादी २००६ च्या सुरुवातीला बंद झाली.

सोपचं दुखणं हाताळल्यावरच कळत असे. एका पुस्तकाची किंमत विचारायची तरी एक्सएमएल या खुणांच्या भाषेतलं पाकीट बांधायचं, त्यात शीर्षभाग, मग गाभा, प्रत्येक ओळीला नामावकाशाचे लांबलचक पत्ते, आणि हे सगळं एकाच ठरलेल्या पत्त्यावर पोस्ट करायचं. उत्तरही तसंच पाकीटबंद. ते उघडायला खास अवजारं लागत, आणि एका कंपनीच्या अवजाराने बांधलेलं पाकीट दुसऱ्या कंपनीच्या अवजाराला उघडेलच याची खात्री नसे. वेब स्वतः मात्र वर्षानुवर्षं फार साध्या रीतीने चाललं होतं. प्रत्येक वस्तूला पत्ता, आणि त्या पत्त्यावर करायच्या मोजक्या क्रिया: आण, पाठव, बदल, काढून टाक.

ही साधी रीत इतकी समर्थ का ठरते, याची मीमांसा रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतल्या आपल्या पीएचडी प्रबंधात केली आणि त्या शैलीला रेस्ट हे नाव दिलं. फील्डिंग एचटीटीपीच्या प्रमाण दस्तऐवजाच्या लेखकांपैकी एक, म्हणजे वेब घडवणाऱ्यानेच वेबच्या रचनेची केलेली ही चिकित्सा होती. व्यवहारात कौल लगेच लागला. अमेझॉनने २००२ मध्ये आपली वस्तूंची यादी सोप आणि रेस्ट अशा दोन्ही पद्धतींनी खुली केली. पुढच्याच वर्षी टिम ओरायली यांनी लिहिलं की सुमारे ८५ टक्के वापर साध्या पत्त्यांच्या पद्धतीचा आहे. प्रोग्रामरला ब्राउझरमध्ये पत्ता टाकून उत्तर डोळ्यांनी पाहता येत होतं. शिकण्याचा उंबरठाच नाहीसा झाला होता.

मग बहराचा काळ आला. फ्लिकरने २००४ मध्ये आपलं एपीआय खुलं केलं. २००५ च्या वसंतात पॉल रेडमाकर यांनी क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर बसवून हाउसिंगमॅप्स बनवलं. तेव्हा गूगल नकाशाला अधिकृत एपीआयच नव्हतं; रेडमाकर यांनी कोड उलगडून वाट काढली होती. गूगलने जूनमध्ये एपीआय जाहीर केलं. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेलं जेसन हे आटोपशीर स्वरूप याच सुमारास एक्सएमएलची जागा घेऊ लागलं. या काळातली एपीआय ओबडधोबड होती, नावांत मेळ नव्हता, चुकांचे संदेश बुचकळ्यात टाकणारे होते. तरी त्यांच्यात एक मोकळा विश्वास होता की आपल्याला न सुचलेलं काहीतरी बाहेरच्या कुणालातरी सुचेल. माझ्या मते या कलेचा सर्वांत सर्जनशील काळ हाच.

शुद्धतेच्या बाजूने तक्रार करणारेही होते, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. २००८ मध्ये खुद्द फील्डिंग यांनी खडसावलं की रेस्ट म्हणून खपवली जाणारी बहुतेक एपीआय रेस्ट नाहीतच. त्यांच्या मते उत्तरातच पुढच्या वाटांचे दुवे हवेत, म्हणजे पत्ते बदलले तरी वापरणारा अडत नाही. उद्योगाने ते ऐकून घेतलं आणि पत्ते कोडमध्ये पक्के लिहिणं चालू ठेवलं. एका वेळचं काम सोपं झालं, पण बदल पचवण्याची ताकद गेली.

प्रगतीचा सर्वांत मोलाचा टप्पा मात्र सुरक्षिततेचा. त्या काळी नवी साइट खुशाल तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागायची, का तर तुमचे मित्र शोधून देते म्हणून. एका खोलीतलं सामान आणायला आख्ख्या घराची किल्ली देण्यासारखा तो प्रकार होता. २००७ मध्ये ठरलेल्या ओऑथ या मानकाने हे थांबवलं. पासवर्ड आपल्याजवळच राहतो, बाहेरच्या अ‍ॅपला मर्यादित परवाना मिळतो आणि तो केव्हाही रद्द करता येतो. २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती प्रमाण झाली. ती अतिशय गुंतागुंतीची आणि कमी सुरक्षित झाली म्हणून प्रमुख संपादक एरन हॅमर आधीच समितीतून बाहेर पडले होते. तरीही आज ‘गूगलने लॉग-इन करा’ या बटणामागे तीच व्यवस्था आहे.

कसब कुठवर पोचलं याचा उत्तम नमुना म्हणजे २०११ मध्ये सुरू झालेलं स्ट्राइप हे पैसे भरण्याचं एपीआय. खात्यातून पहिली विनंती आली की ते खातं त्या वेळच्या, तारखेने ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीला बांधलं जातं. पुढे स्ट्राइपने कितीही बदल केले तरी त्या ग्राहकाला जुन्याच घडणीचं उत्तर मिळतं. आत उत्तर तयार होतं ते आजच्या आवृत्तीचं. मग एकेका बदलासाठी लिहिलेला छोटा कोड ते पायरीपायरीने मागे नेतो, ग्राहकाच्या तारखेपर्यंत. तुमचा जुना प्रोग्राम चालू राहावा म्हणून मी माझ्या घरात जादा काम करीन, ही वृत्ती इथे कोडमध्ये उतरली आहे.

बाकीची अवजारंही भरपूर आहेत. एपीआयचं वर्णन लिहिण्यासाठी २०११ मध्ये जन्मलेलं स्वॅगर आज ओपनएपीआय या नावाने सामायिक मानक झालं आहे. फेसबुकचं ग्राफक्यूएल आणि गूगलचं जीआरपीसी २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. सेवा कोणत्या दिवशी बंद होणार हे उत्तरासोबत कळवण्यासाठी २०१९ मध्ये सनसेट हेडरचंही मानक आलं. मानक तारीख लिहायची रीत देतं. ती आधी कळवायला आणि पाळायला कुणाला भाग पाडू शकत नाही. इथेच तंत्राचं बळ संपतं.

खुलेपणाचीही एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून ही समीक्षा पुरी होणार नाही. फेसबुकच्या जुन्या ग्राफ एपीआयमध्ये एकाने परवानगी दिली की त्याच्या मित्रांचीही माहिती अ‍ॅपला मिळत असे. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी एक प्रश्नावलीचं अ‍ॅप वापरलं, आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केम्ब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली असावी. २०१८ मध्ये हे उघड झाल्यावर कंपन्यांनी एपीआय आवळायला सुरुवात केली. त्यातलं पुष्कळ गरजेचं होतं. पण सुरक्षिततेच्या नावाखाली स्पर्धकांनाही बाहेर काढता येतं, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही.

एपीआय आवळण्याचं पुढचं कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचं. आपला मजकूर मोठी मॉडेल शिकवायला वापरला जातो, तर त्याचे पैसे हवेत, असं रेडिटने २०२३ मध्ये ठरवलं आणि दर लावला हजार विनंत्यांना २४ सेंट. या दराने वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागतील, असं सांगत रेडिट वाचायचं अपोलो हे बाहेरचं लोकप्रिय अ‍ॅप ३० जूनला बंद झालं. दर जाहीर झाल्यापासून तो लागू होईपर्यंत महिनाभराचाच अवधी होता. मजकुराचं मोल मागणं गैर नाही. तो मजकूर लिहिणाऱ्या लाखो सदस्यांना आणि ज्यांच्या अ‍ॅपमधून तो लिहिला गेला त्यांना हिशेबात न धरणं गैर आहे.

भारतात वाट थोडी वेगळी गेली. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये आणलेलं यूपीआय हे मुळात एक सामायिक एपीआय आहे. बँक कोणतीही असो, अ‍ॅप कोणतंही असो, संदेशाची घडण एकच, आणि तीही एक्सएमएलमध्ये. एखाद्या अ‍ॅपला लहर आली म्हणून दुसऱ्या बँकेचा ग्राहक तुटत नाही. यूपीआयचं खरं यश मी यात पाहतो. पण इथे स्वतंत्र प्रोग्रामरला थेट प्रवेश नाही, बँकेचा हात धरावाच लागतो. शिवाय सामायिक मानक असूनही बहुतांश व्यवहार दोन अ‍ॅपच्या हाती एकवटले. एका अ‍ॅपला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा नियम २०२० मध्ये जाहीर झाला, त्याचा अंमल पुन्हा पुन्हा पुढे गेला.

कोविड लसीकरणाच्या कोविन या सरकारी व्यवस्थेने दुसरा धडा दिला. २०२१ च्या उन्हाळ्यात लसीच्या जागा दाखवणारं एपीआय सर्वांना खुलं होतं. पिनकोड आणि तारीख दिली की केंद्रांची यादी येई. कितीतरी तरुणांनी त्यावर सूचना देणारे टेलिग्राम चॅनल उभे केले आणि अनोळखी लोकांना लस मिळवून दिली. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता ते मागे पडले, आणि नोंदणीची साइट मराठीत यायला जून उजाडला. ज्याला एपीआय वापरता येतं त्याला खुलेपणाचा फायदा आधी मिळतो. म्हणून सार्वजनिक सेवेचं एपीआय बांधणाऱ्याने ते न वापरू शकणाऱ्यांचाही विचार आधी केला पाहिजे.

आता नवा वापरकर्ता आला आहे: स्वतःच डॉक्युमेंटेशन वाचून एपीआय चालवणारं मॉडेल. त्यासाठी २०२४ च्या अखेरीस मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारखी मानकं आली आणि मांडणीची आणखी एक फेरी सुरू झाली. या फेरीत आपण सफाईच्या आधी बांधिलकी मागायला हवी. बंद करण्याआधी पुरेशी आणि लेखी मुदत, दरवाढीला आगाऊ सूचना, वापरकर्त्याला त्याची माहिती घेऊन निघून जाण्याचा हक्क, आणि सार्वजनिक पैशावर चाललेल्या सेवांसाठी या सगळ्याला कायद्याचा आधार. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमध्ये बड्या कंपन्यांवर माहिती नेऊ देण्याचं बंधन घालून या दिशेने पाऊल टाकलंच आहे. एपीआय लिहिणाऱ्यांनी आपलं कसब गेल्या पंचवीस वर्षांत सिद्ध केलं आहे. आता दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी त्यांच्या मालकांवर टाकायला हवी, आणि ती टाकण्याचं काम एपीआय वापरणाऱ्या आपणा सर्वांचं आहे.