‘आफ्टर बर्नर’ : डोळ्यांशी खरा, शरीराशी खोटा

नाशिकजवळ ओझरला १९६० च्या दशकात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो मिग-२१ विमानांसाठी. पुढे तेथे सुखोई-३० ही तयार होऊ लागली. मिग-२१ हवाई दलातून २०२५ मध्ये निवृत्त झाले. खरी लढाऊ विमाने जेथे घडतात, तेथील मुलांना त्यांवरचे व्हिडिओ गेम कोणते विज्ञान शिकवतात, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते. त्यासाठी सेगा या जपानी कंपनीचा १९८७ चा ‘आफ्टर बर्नर’ घेऊ.

यातील दृश्ये सपाट चित्रांची आहेत. यंत्र चित्र लहानमोठे करते आणि खोलीचा भास होतो. नियम साधा आहे : अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट. शत्रूचे विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने येत असेल, तर १००० मीटरवरून ५०० वर यायला, म्हणजे एकदा दुप्पट व्हायला, २ सेकंद लागतात. पुढच्या दुपटीला १ आणि त्यापुढच्या दुपटीला अर्धाच. खेळाडू दचकतो तो या गणितामुळे. व्यस्त प्रमाणाचा इतका रंजक धडा आम्ही क्वचितच पाहिला.

फसगत होते ती आसनाची. या खेळाच्या मोठ्या यंत्रात दांडी डावीकडे नेली की खुर्चीही डावीकडे कलते आणि खेळाडू त्या बाजूला घसरू लागतो. खरे विमान नीट वळवले, तर वैमानिक कडेला घसरत नाही, आसनात दाबला जातो. उंची कायम ठेवून ६० अंशांनी कललेल्या वळणात वजन दुप्पट भासते. ५० किलोच्या मुलाला आपण १०० किलोचे झालो असे वाटेल. मोटारीवर कलणारी खुर्ची हे वजन आणणार कोठून? शिक्षकांनी तागडीच्या पारड्यात पाण्याचा पेला ठेवून पारडे आडवे गरगर फिरवून दाखवावे (वर्गाबाहेर बरे!). पारडे तिरपे होते, पाणी सांडत नाही.

शीर्षकाबद्दलही तक्रार आहे. आफ्टरबर्नरमध्ये टर्बाइनच्या मागे, उरलेल्या प्राणवायूत जादा इंधन जाळतात. रेटा वाढतो, पण इंधनाचा खप त्याहून कितीतरी अधिक वाढतो. म्हणून वैमानिक तो मोजकाच वापरतो. खेळात मात्र इंधन संपून विमान कधीच पडत नाही.