तळटीप आणि चाबूक

‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली समग्र लेखनाच्या चौथ्या खंडात छापला. लेखक १९५६ मध्येच गेलेला. तरी राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाने प्रस्थापितांच्या भावना दुखावल्या. परिशिष्ट वगळा, अशी मागणी शिवसेनेसह काही संघटनांनी लावून धरली, शासन डगमगले. मग ५ फेब्रुवारी १९८८ रोजी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे रिपब्लिकन गट मुंबईत एका मोर्चात चालले. मोर्चातल्या कितीजणांनी तो इंग्रजी ग्रंथ वाचला होता, हा प्रश्न मला फिजूल वाटतो. ज्यांच्या आजोबांना अक्षर शिवू दिले नाही, त्यांनी न वाचलेल्या ग्रंथाचे पान वाचवायला यावे, याला मी वाङ्मयीन घटना मानतो. पुढे हुतात्मा चौकाचे ‘शुद्धीकरण’ झाले. पुस्तकाच्या वादात पावलांचा विटाळ कुठून आला?

तडजोड निघाली. परिशिष्ट राहिले, सोबत शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप आली. शासनाची सहमती मागितली होती कोणी? छापणे म्हणजे मान्य करणे नव्हे, एवढे तर शाळकरी पोरालाही कळते. तरीही ती टीप मला कात्रीपेक्षा बरी वाटते. मजकूर वाचकाच्या हाती राहिला.

बोलण्याला मर्यादा नसावी, असे आपल्याला म्हणता येणार नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेचे बंधन आले, ‘वाजवी’ हा शब्दही आला, आणि कायदेमंत्री बाबासाहेबांनी तिचे संसदेत समर्थन केले. एकत्र जमण्याचा हक्कही त्याच कलमात आहे: शांततेने आणि निःशस्त्र.

म्हणून २०१२ ची गोष्ट टाळता येत नाही. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते: संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला. पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ते आणि योगेंद्र यादव सल्लागारपदावरून दूर झाले. ती मोडतोड करणाऱ्यांनी १९८८ च्या मोर्चाचा वारसा सांगू नये. तो मोर्चा पान राखायला निघाला होता.

पण चीड खोटी नव्हती. पुस्तकातल्या चित्राखालचा प्रश्न संविधानाला वेळ का लागला, एवढाच होता. विश्रामबागेत मी ज्या वर्गाला शिकवतो, तिथल्या वडार वस्तीतल्या मुलीचा प्रश्न वेगळा होता: “सर, चाबूक नेमका कुणावर?” गोगलगायीवर, असे एकजण म्हणाला. तिला ते पटले नाही, आणि तासभर वर्ग भांडला. चित्र मी कात्रणवहीतून नेले होते; पाठ्यपुस्तकातून ते काढले गेले आहे.