वीसपेक्षा कमी का नाही?

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत विद्यार्थ्यांना कारखाना दाखवायला नेले की एखादा हमखास विचारतो, हे विभाग याच क्रमाने का मांडले? अभियांत्रिकीच्या पुस्तकांत यावर एक धडा असतो. कोठून कोठे किती माल जातो याचा तक्ता करायचा, दोन-दोन विभागांची अदलाबदल करून पाहायची आणि खर्च घटेनासा झाला की थांबायचे. रीत उपयोगी आहे. आमची तक्रार शेवटच्या ओळीविषयी आहे. पुष्कळदा तेथे ‘हीच इष्टतम रचना’ असे लिहून लेखक मोकळे होतात.

समजा, एका रांगेत चार गाळे आहेत. मशिनशॉप आणि फाउंड्री यांच्यात तासाला ट्रॉलीच्या ५ फेऱ्या होतात. मशिनशॉप व हीट ट्रीटमेंट ४, मशिनशॉप व असेंब्ली ३, फाउंड्री व हीट ट्रीटमेंट २, फाउंड्री व असेंब्ली १. हीट ट्रीटमेंटचा माल ग्राइंडिंगसाठी मशिनशॉपमध्ये परत येतो, म्हणून तेथून थेट असेंब्लीत काहीच जात नाही. प्रत्येक जोडीच्या फेऱ्यांना गाळ्यांतील अंतराने गुणून बेरीज करायची. हीट ट्रीटमेंट, मशिनशॉप, फाउंड्री, असेंब्ली या क्रमाने ती २० येते. अदलाबदलीने ती कमी होत नाही. पण १९ जमणार नाही हे कशावरून?

येथे प्रश्न मुद्दाम ढिला करावा लागतो. विभाग क्षणभर विसरू. गाळ्यांच्या सहा जोड्यांपैकी तिघींत अंतर १, दोघींत २ आणि एकीत ३. जास्त फेऱ्यांना कमी अंतर दिले तर ५+४+३+(२×२)+(१×२)+(०×३) = १८. अशी मांडणी प्रत्यक्षात नसेलही, पण कोणतीही खरी मांडणी १८ च्या खाली जाऊ शकत नाही. ही झाली खालची मर्यादा.

आता ती घट्ट करू. ५, ४ आणि ३ या तिन्ही जोड्यांत मशिनशॉप आहे आणि रांगेत शेजारी असतात फार तर दोन. म्हणून ३ ला अंतर २ द्यावे लागते व मर्यादा १९ होते. १९ साठी मशिनशॉप, फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंट हे तिघे एकमेकांचे शेजारी हवेत. सरळ रांगेत ते अशक्य. वीस सिद्ध झाले, आणि त्यासाठी सगळ्या मांडण्या तपासाव्या लागल्या नाहीत.

खर्चात दोन निवडींचा गुणाकार येतो आणि प्रत्येक निवड ‘हो’ किंवा ‘नाही’, म्हणजे १ किंवा ०, एवढीच असते. म्हणून हा द्विघाती पूर्णांकी प्रश्न. कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ मध्ये तो कारखाने व जागा यांच्याच भाषेत मांडला. पुण्यात जन्मलेले सरताज साहनी आणि गोन्झालेझ यांनी १९७६ मध्ये दाखवले की उत्तमाच्या ठरावीक पटीत राहण्याची हमी देणारी झटपट रीतसुद्धा येथे मिळण्याची आशा जवळजवळ नाही. अशा प्रश्नाच्या धड्यात मर्यादेचा उल्लेखही नसावा, हे आम्हांला खटकते.

न्यूजेंट व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडलेले ३० विभागांचे उदाहरण पाहा. ६१२४ हे उत्तर आधीच हाती होते. ते सर्वोत्तम असल्याचे २००० साली ॲन्स्ट्रायकर व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. द्विघाती शिथिलीकरणातून काढलेल्या मर्यादा वापरूनही सरासरी सुमारे ६५० संगणक सात दिवस चालले. आकडा ६१२४ च राहिला.

आमच्या चार गाळ्यांच्या मांडण्या, आरशातल्या वगळता, फक्त बारा आहेत. वर्गात त्या सगळ्या लिहिल्या तर २० देणारी आणखी एक सापडेल.