सुईने दुखणं कमी झालं, पण कशाच्या तुलनेत?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. त्यातला एक नमुना आता पाठ झालाय. विषय: नसांच्या जुनाट दुखण्यावर ॲक्युपंक्चर, जोडीला चिनी वनौषधी. रुग्ण ६०. उपचाराआधी वेदना शून्य ते दहाच्या पट्टीवर मोजायची, आठ आठवड्यांनी परत मोजायची, पेअर्ड टी-टेस्ट लावायची. पी ०.०५ पेक्षा कमी आला की ‘उपचार परिणामकारक’. आज या नमुन्याची जरा चिरफाड करू. विषय फालतू आहे म्हणून नाही. उलट विषय चांगला आहे आणि तो असा वाया जातो, याचं वाईट वाटतं.

दुखणं खरं आहे. मधुमेहात रात्रभर तळपायांची आग होते, नागीण बरी झाली तरी ठणका उरतो, सायटिकाची कळ कंबरेपासून पोटरीपर्यंत उतरते. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही नेहमीची औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि ज्यांना पडतात त्यातले काही जण दिवसभर गुंगीत असतात. असा माणूस सुईकडे वळला तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

आता प्रस्तावनेचं प्रकरण. तिथे दोन गोष्टी हमखास भेटतात. पहिली, महाराष्ट्राचा २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा. (पश्चिम बंगालने असा कायदा १९९६ मध्येच केला होता.) कायदा सांगतो उपचार कोणी करायचा, नोंदणी कुठे करायची. कोणत्या आजारावर किती गुण येतो, हे कायद्याच्या कलमांतून सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ‘त्यांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे शल्यचिकित्सक म्हणून राबले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. भारतात ही पद्धत रुजवण्याचं श्रेय त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंना दिलं जातं. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. कोटणीसांचं मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण पहिल्याच पानावर ऐकीव माहिती असेल, तर परीक्षक पुढची पानं संशयानेच उलटतो.

मुख्य घोळ पद्धतीत आहे. समजा, तुम्ही पाथर्डी-शेवगाव भागातले सायटिकाचे रुग्ण घेतले. त्यातले बरेच ऊसतोड मजूर असणार. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सहा महिने वाकून तोड, डोक्यावर मोळी, ती घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. माणूस गावी परततो आणि दुखणं अगदी टोकाला गेलेलं असताना तुमच्या ओपीडीत येतो. तुम्ही सुया सुरू करता. आठ आठवड्यांनी, जूनमध्ये, वेदना आठवरून चारवर येते. पण या आठ आठवड्यांत त्याने एकही मोळी उचललेली नाही! सुईचा गुण किती आणि कोयता खाली ठेवल्याचा किती? तुमच्या आकड्यांत दोन्ही मिसळून गेलेत, आणि कुठलीही टेस्ट लावली तरी ते नंतर वेगळे होत नाहीत. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तोच दुखण्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत. काहीही केलं नाही तरी त्यानंतरचे दिवस सरासरीने जरा बरेच जातात. म्हणून तुलनेचा गट लागतो, आणि तो त्याच हंगामातला लागतो.

तुलनेचा गट घेतला की काय दिसतं? जर्मनीतला २००७ चा जेरॅक अभ्यास बघा. रुग्ण १,१६२, आजार जुनी कंबरदुखी. (नसांचं दुखणं नव्हे, हे लक्षात ठेवा.) सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४.२ टक्के लोकांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. समर्थक पहिला आणि तिसरा आकडा सांगतात, विरोधक पहिला आणि दुसरा. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोघंही अर्धंच सांगतात. या अभ्यासात टोचण्याचा नेमका बिंदू फारसा महत्त्वाचा ठरला नाही. ‘कोणीतरी दहा वेळा अर्धा-अर्धा तास माझ्याकडे लक्ष दिलं’ हे मात्र महत्त्वाचं ठरलं असावं, असं मला वाटतं.

खास नसांच्या दुखण्यासाठी कॉक्रेनचा २०१७ चा आढावा आहे. त्यात जेमतेम सहा अभ्यास आणि ४६२ रुग्ण, त्यातले ४०३ चीनमधले. निष्कर्ष: पुरावा अपुरा. इथे विद्यार्थी दोन्ही बाजूंनी घसरतात. ‘अपुरा’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असं नव्हे, आणि ‘अजून सिद्ध व्हायचंय, पण होणारच’ असंही नव्हे. ‘चीनमधले’ हा तपशीलही नुसता भूगोल नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी देशवार मोजणी केली, तेव्हा चीनमधून आलेला ॲक्युपंक्चरचा एकूण एक अभ्यास अनुकूल निघाला होता. सगळेच्या सगळे पास झाले, तर आपण पेपर कोणी तपासले ते विचारतोच ना?

पण म्हणून तिथला प्रत्येक पेपर बाद, असं करून चालणार नाही. २०२४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये चीनमधल्या सहा रुग्णालयांचा अभ्यास आला. चकती सरकल्यामुळे झालेल्या जुन्या सायटिकाचे २१६ रुग्ण, चार आठवड्यांत दहा बैठका. १०० मिलिमीटरच्या पट्टीवर पायाची वेदना खऱ्या सुयांनी सुमारे ३१ मिलिमीटर उतरली, खोट्यांनी सुमारे १५. हा फरक वर्षभर टिकला. सुया टोचणाऱ्याला खरंखोटं माहीत असतंच, ही उणीव इथेही आहे. तरी मी आज या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसले, तर सुरुवात याच पेपरपासून करीन. आणि हा निकाल सायटिकाचा आहे. तो उचलून मधुमेहाच्या तळपायांना लावता येणार नाही.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते: मोजमापाची भाषा. आपल्याकडे ‘नस’ हा शब्द मज्जातंतूलाही चालतो, रक्तवाहिनीलाही आणि स्नायूच्या शिरेलाही. नस दबली, नस चढली, नस आखडली, हातावरची नस सापडत नाही. ‘नसांचं दुखणं असलेले रुग्ण हवेत’ असा फलक लावलात तर पायात गोळे येणारे, व्हेरिकोज व्हेन्सवाले आणि खरे न्यूरोपॅथीवाले एकाच रांगेत उभे राहतील. म्हणून डीएन४ ही प्रश्नावली वापरतात: दहा मुद्दे, चार किंवा जास्त गुण आले तर वेदना मज्जातंतूची असण्याची शक्यता मोठी. पण तिच्या इंग्रजी आवृत्तीत ‘टिंगलिंग’ आणि ‘पिन्स अँड नीडल्स’ ही दोन वेगळी लक्षणं आहेत. नगरकडच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) आजीला दोन्ही विचारा. दोन्हीचं उत्तर एकच: ‘मुंग्या येतात बाई.’ एकाच मुंगीला दोन गुण! बधिरपणाचा एक आणि आगीचा एक मिळवला की आजी अभ्यासात दाखल. भाषांतर आधी दहा-पंधरा जणांना वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. याला पैसे लागत नाहीत, चार दुपारी लागतात.

वनौषधींचं प्रकरण जास्त काळजीचं आहे. मधुमेही न्यूरोपॅथीवरच्या चिनी औषधांचा कॉक्रेनचा २०१३ चा आढावा ४९ अभ्यासांचा आहे, सगळे चीनमधले, आणि त्यातून ठाम काहीच हाती लागत नाही. धोके मात्र माहीत आहेत. वेदनेसाठी वापरलं जाणारं ‘फूझी’ हे आपल्या बचनागाच्याच कुळातलं. त्यातलं ॲकोनिटीन नसांमधल्या सोडियमच्या वाटांवर काम करतं, आणि त्याच वाटा हृदयातही आहेत. म्हणून तर दोन्ही परंपरांत ते शुद्ध केल्याशिवाय देत नाहीत. दुसरा धडा बेल्जियमचा: वजन कमी करायला चिनी वनस्पती घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं १९९३ मध्ये उघड झालं. एका वनस्पतीच्या जागी नावात साम्य असलेली ॲरिस्टोलोकिया पुड्यांत गेली होती.

तुमच्या ६० रुग्णांत निम्मे मधुमेही असतील, तर काहींची मूत्रपिंडं आधीच कुरकुरत असणार. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये वनस्पतीचं लॅटिन नाव, पुडीची प्रयोगशाळेतली तपासणी आणि दर महिन्याचं क्रिएटिनिन लिहिलेलं हवं. ते करायची सोय नसेल तर औषधांचा भाग काढून टाका आणि फक्त सुयांवर काम करा. मधुमेह्याच्या बधिर पायात सुई घालायची असेल, तर पाय आधी आणि नंतर तपासून जखमेची नोंद कोण ठेवणार, तेही संमतीपत्रात मराठीत लिहा.