पाहिले ते आणि वाटले ते : लोणारची जुनी वर्णने वाचताना

परभणी जिल्ह्यातल्या अनेक शाळांची सहल जिंतूर-मंठ्यावरून लोणारला जाते. परत आल्यावर विद्यार्थी सहलीचे वर्णन लिहितात आणि ते दरवर्षी बहुधा सारखेच असते : निसर्गरम्य परिसर, विलोभनीय दृश्य, उल्का पडून झालेले सरोवर, खारट पाणी, मग डबा आणि परतीचा प्रवास. आपण दहापैकी गुण देतो आणि वर्ष संपले की वह्या रद्दीत जातात. खरे म्हणजे स्थळवर्णन हा विज्ञानाच्या फार उपयोगाचा लेखनप्रकार आहे. एखादी जागा शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कशी होती हे कळायला पुष्कळदा तेवढाच आधार असतो. मात्र अशी वर्णने पारखून घ्यावी लागतात. ती कशी पारखायची, हे लोणारच्याच उदाहरणावरून पाहू.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने रचलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे. खारे पाणी, काच व साबण करण्यासाठी लागणारा माल आणि त्यातून मिळणारे उत्पन्न अशी माहिती तेथे येते. हे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे वर्णन नव्हे. राज्यकारभारासाठी गोळा केलेल्या माहितीचा तो भाग आहे आणि नजर महसुलावर आहे. तरीही त्यातून विज्ञानाच्या कामाची एक गोष्ट निघते. काच आणि साबण यांना साधे मीठ चालत नाही, सोड्याचा क्षार लागतो. म्हणजे सरोवराचे पाणी चारशे वर्षांपूर्वीही आम्लारिधर्मी असले पाहिजे, असे अनुमान करता येते. लिहिणाऱ्याने जे सांगायचे ठरवले नव्हते, तेही त्याच्या नोंदीतून आपल्यापर्यंत पोचते. नोंद नेमकी असली की असे होते.

यानंतरचे महत्त्वाचे नाव जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याचे. त्याने १८२३ साली लोणारला भेट दिली आणि त्याचे टिपण १८२४ मध्ये 'एडिनबरो फिलॉसॉफिकल जर्नल' या नियतकालिकात छापले गेले. आजही अनेक माहितीपत्रकांत 'अलेक्झांडरने सरोवराचा शोध लावला' असे वाक्य असते. हे वाक्य आपण वर्गात खोडून दाखवले पाहिजे. ज्या गावात दैत्यसूदनाचे चालुक्यकालीन मानले जाणारे मंदिर उभे आहे, ज्याच्या क्षारांची अकबराच्या दरबारात नोंद आहे, त्या जागेचा १८२३ साली शोध कसा लागेल? काठावर क्षार वेचणारे लोक तर त्याच्या प्रती ओळखून त्यांना डल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे देत होते. अलेक्झांडरचे श्रेय वेगळे आहे : पाहिलेली गोष्ट त्याने विज्ञानाच्या नियतकालिकात छापली, त्यामुळे ती दूरच्या अभ्यासकांनाही वाचता आली. हे श्रेय लहान नाही. पण त्याला 'शोध' म्हणू नये.

त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भूवैज्ञानिक येत राहिले. त्यांतल्या बहुतेकांनी हे ज्वालामुखीचे काम ठरवले. कोणी वायूंचा स्फोट मानला, कोणी जमीन खचल्याचे म्हटले. चौफेर काळा बेसाल्ट खडक, म्हणजे लाव्हाच गोठून झालेला, तेव्हा हा तर्क वावगा नव्हता. आज तो चुकीचा ठरला आहे. मग ती वर्णने टाकून द्यायची का? मुळीच नाही. खड्डा जवळजवळ वर्तुळाकार आहे, काठ आसपासच्या जमिनीपेक्षा उंच आहे, काठावरचे खडकांचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, ही निरीक्षणे आघाताच्या सिद्धान्तातही चपखल बसतात. बदलले ते केवळ स्पष्टीकरण. ला टूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ साली केलेला सरोवराच्या भूविज्ञानाचा अभ्यास आजचे संशोधकही चाळतात, तो याच कारणाने.

निर्णायक पुरावा आला तो १९७३ साली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराखालच्या खडकाचे नमुने काढून तपासले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखे होते, तेच मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीच्या स्फोटात एवढा दाब निर्माण होत नाही. मात्र येथेही सगळे संपले असे नाही. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. विद्यार्थी फलकावरून एकच आकडा उतरवून आणतो. तो आकडा कसा काढला, हे त्याने विचारायला हवे.

वर्णनाचे वजन किती असू शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोन, १ मार्च १८७२ च्या कायद्याने झाले. त्याआधी १८७० च्या मोहिमेत सामील झालेल्या नॅथॅनियल लँगफर्डने व्याख्याने दिली आणि १८७१ मध्ये 'स्क्रिब्नर्स' मासिकात लेख लिहिले. लोकमत तयार होण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पण पारखून पाहा. त्याच्या व्याख्यानांमागे नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा पैसा होता आणि कंपनीला प्रवासी हवे होते. लेखांतली चित्रे थॉमस मोरानने काढली, तीही यलोस्टोन पाहण्याआधी, केवळ वर्णनावरून. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना मोहिमेत शेकोटीभोवती निघाली, ही प्रसिद्ध हकिकत लँगफर्डच्या दैनंदिनीत आहे. पण ती दैनंदिनी छापली गेली १९०५ साली. मोहिमेतल्या इतरांच्या त्या वेळच्या नोंदी तिला दुजोरा देत नाहीत, म्हणून इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत. उद्यान झाले हे चांगलेच झाले. तरीही वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले का? केव्हा लिहिले? कोणासाठी लिहिले?

हेच तीन प्रश्न आपल्या सहलींच्या वर्णनांना लावले, तर त्यांत काय कमी आहे ते कळते. विद्यार्थी स्वतः पाहतो, लगेच लिहितो. पण लिहितो गुणांसाठी, म्हणून शिक्षकाला आवडणारी विशेषणे लिहितो. याची किंमत जून २०२० मध्ये दिसली. सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून क्षारता वाढली आणि हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांची वाढ झाली, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. मग साहजिकच प्रश्न येतो : पूर्वी कधी पाणी असे झाले होते का? पातळी कोणत्या साली कुठे होती? दरवर्षी सहली येणाऱ्या या ठिकाणी याचे उत्तर शाळांच्या वह्यांतून मिळू शकले असते. पण वह्यांत 'विलोभनीय' एवढेच होते.

उपाय खर्चाचा नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे 'पाहिले ते' आणि उजवीकडे 'वाटले ते' असे दोन भाग करा. डावीकडे तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास आणि पक्षी. पातळीसाठी कमळजादेवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर ही आयती खूण आहे : पाणी चढले की ती बुडते, उतरले की उघडी पडते. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी सोबत न्या. सरोवराच्या पाण्यात ती लाल होते, धारेच्या गोड्या पाण्यात पिवळीच राहते. पट्टी वापरली की परत आणायची. लोणार सन २००० पासून अभयारण्य आहे; तेथून दगड, पाणी काही उचलायचे नाही. आख्यायिका, भीती, आनंद, उल्केबद्दलचे तर्क हे सगळे उजवीकडे लिहावे. तेही हवेच, पण आपल्या जागी.

आणि ही पाने रद्दीत जाऊ देऊ नका. शाळेत एक बांधीव नोंदवही ठेवा, दर सहलीचे एक पान तिच्यात उतरवा, खाली विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ष घाला. वीस वर्षांत तिची वीस पाने होतील. सरोवरावर संशोधन करणाऱ्याला ती वीस पाने मागण्यासाठी तुमच्या शाळेत यावे लागेल.