‘ॲडमिन’ : एका अधिकारवाचक संज्ञेचे परीक्षण

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी भाषकांच्या नित्य व्यवहारात ज्या परकीय शब्दांनी घर केले, त्यांत ‘ॲडमिन’ या शब्दाची गणना अग्रभागी करावी लागेल. त्याच्या रूपाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. लांब इंग्रजी शब्दाचे पुढचे अंग तोडून तो झाला आहे, तो मराठीचे विभक्तिप्रत्यय निमूटपणे घेतो, आणि स्त्रीविषयी योजला तरी त्याचे रूप बदलत नाही. कुतूहलाचा विषय आहे तो त्याचा अर्थ. हा शब्द नेमका कोणता अधिकार दर्शवितो, तो अधिकार कोणी दिला, आणि त्यास मर्यादा कोणती, हे प्रश्न वापरणाऱ्याच्या मनात सहसा उद्भवत नाहीत. ते उद्भवू नयेत अशीच या शब्दाची घडण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उदाहरणादाखल जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील कोणतीही सहकारी गृहनिर्माण संस्था घ्यावी. तिचा व्हॉट्सॲपवर एक गट असतोच. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, गाड्या उभ्या करण्याच्या जागा यांपासून पुनर्विकासाच्या प्रस्तावापर्यंत सारी चर्चा तेथे होते. जुहूसारख्या वस्तीत पुनर्विकास हा लहान विषय नव्हे. विमानतळाच्या सान्निध्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत, जमिनीचे मोल अफाट आहे, आणि एकेका कुटुंबाचे आयुष्यभराचे संचित त्या निर्णयात गुंतलेले आहे. अशा वेळी विकासकाच्या प्रस्तावावर प्रतिकूल शंका काढणारा सभासद एका सायंकाळी गटातून नाहीसा झाला, तर त्याला काय म्हणावे? संस्थेतून तो गेलेला नसतो. मात्र जेथे मत बनते त्या जागेतून तो गेलेला असतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याची परिभाषा या संदर्भात ताडून पाहण्यासारखी आहे. सभासद, सहयोगी सभासद, नाममात्र सभासद असे भेद तेथे आहेत आणि प्रत्येकाचा मताधिकार निराळा आहे. कलम ७२ अन्वये अंतिम प्राधिकार सर्वसाधारण सभेत एकत्र आलेल्या सभासदांचा. कलम ३५ अन्वये एखाद्या सभासदास काढावयाचे तर त्यासाठी बोलाविलेल्या सर्वसाधारण सभेत, उपस्थित असलेल्या व मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान तीन-चतुर्थांशांचे बहुमत लागते. त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आणि एवढे झाल्यावरही निबंधकाच्या मान्यतेवाचून तो ठराव अमलात येत नाही. गटात यातले काही नाही. मालक, भाडेकरू, मालकाचा परदेशस्थ मुलगा हे सारे तेथे सरसकट ‘मेंबर’, आणि त्यांच्यावर ‘ॲडमिन’. हा ॲडमिन निवडून आलेला असेलच असे नाही. ज्याने प्रथम गट काढला, किंवा ज्याला भ्रमणध्वनीची जाण इतरांहून बरी, तो ॲडमिन.

येथे एक विलक्षण विसंगती नजरेस येते. ‘ॲडमिन’ हे ज्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप, त्याचा मराठी पर्याय ‘प्रशासक’. आणि हा शब्द सहकारी संस्थांच्या सभासदांस चांगलाच परिचित आहे. निवडून आलेली समिती बरखास्त होते तेव्हा निबंधक संस्थेवर प्रशासक नेमतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली तेव्हा तेथेही प्रशासक आला. म्हणजे मराठी माणसाच्या अनुभवात ‘प्रशासक’ हा स्वशासन स्थगित झाल्याचा वाचक आहे. ‘आमच्या संस्थेवर प्रशासक बसला’ हे वाक्य कोणी आनंदाने उच्चारीत नाही. तीच संज्ञा शेपूट तोडून ‘ॲडमिन’ झाली की मात्र सोज्ज्वळ वाटते, आणि एका इमारतीत चार-चार ॲडमिन सुखाने नांदतात. भाषासंचालनालयाच्या ‘पदनाम कोशा’स त्या काळी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले गेले खरे. परंतु पदाला मराठी नाव दिले की त्या पदाचे बरेवाईट गणगोतही त्याबरोबर येते, एवढा लाभ त्या खटाटोपात होता. उसना शब्द एकटाच येतो.

आता क्रियापदाकडे वळू. अशा गटांत मधूनमधून नियमावली प्रसृत होते. तिची ठरलेली वाक्यरचना म्हणजे ‘नियम मोडणाऱ्यास गटातून काढून टाकण्यात येईल’. हा ‘-ण्यात येणे’चा प्रयोग सरकारी मराठीची देणगी होय. त्यात कर्त्याला जागाच नसते. काढणारा कोण हे वाक्यावरून कळत नाही. प्रत्यक्ष काढण्याची क्रिया घडते तेव्हा मात्र यंत्र साऱ्या गटास कळविते की अमक्याने तमक्यास काढले. व्याकरणदृष्ट्या हा भावे प्रयोग. रामाने रावणास मारले, या शालेय व्याकरणातील चिरपरिचित वाक्याचाच हा सांगाडा आहे. नियमात लपलेला कर्ता क्रियेत उघडा पडतो, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैमनस्य उत्पन्न होते. नियमाने आधीच कर्ता सांगितला असता तर काढण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, याचाही विचार आधीच झाला असता.

याहून महत्त्वाचा आहे तो शक्यता आणि अनुज्ञा यांतील भेद. मराठीत हा भेद दर्शविण्याची साधने विपुल आहेत. ‘आजाऱ्याला चालवत नाही’ यात अंगची अशक्ती आहे. ‘मला पोहता येते’ यात कौशल्य आहे. ‘येथे पोहू नये’ यात शुद्ध निषेध आहे. ‘मुभा’ हा अरबीतून आलेला शब्द तर मुळात जे विहितही नाही व निषिद्धही नाही, त्याचा वाचक होता. ‘शकणे’ हे क्रियापद मात्र शक्ती आणि परवानगी या दोहोंस एकाच पोत्यात घालते. ‘तुम्ही संदेश पाठवू शकत नाही’ या वाक्याचा अर्थ पाठविणे अशक्य आहे असा, की पाठविण्यास मनाई आहे असा? फोनच्या पडद्यावर हे दोन्ही अर्थ एकच होतात. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने केवळ ॲडमिनांनीच लिहावे अशी सोय केली, तेव्हापासून अशा गटात इतरांस लिहिण्याची जागाच दिसेनाशी होते.

जुहूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये, असे बजाविले जाते. तरी माणसे उतरतात. जीवरक्षक शिट्टी फुंकतो. कोणी ऐकतो, कोणी हुज्जत घालतो. येथे निषेध आहे, परंतु समुद्राला कुंपण नाही. निषेध मोडता येतो म्हणूनच मोडणाऱ्याला जाब विचारता येतो, आणि त्यालाही आपले कारण सांगता येते. जेथे निषिद्ध ते अशक्यच करून टाकले जाते, तेथे जाबही नाही आणि जबाबही नाही. कलम ३५ मधील सुनावणीला गटात स्थान मिळत नाही त्याचे मूळ येथे आहे. व्यक्तीचा दुष्टावा हे त्याचे कारण मानणे सोपे आहे. पण अत्यंत सज्जन ॲडमिनच्या हातीही हीच रचना असते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी दिलेला निर्णय या दृष्टीने वाचनीय आहे. गटातील एका सदस्याने लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनवरही गुन्हा नोंदविला गेला होता. न्यायालयाने तो रद्द केला. कारणमीमांसा अशी की, ॲडमिनला सदस्य घेण्याचा व काढण्याचा मर्यादित अधिकार असतो. मजकूर प्रसृत होण्यापूर्वी त्याचे नियमन करण्याची शक्ती त्याला नसते. सबब समान उद्देश किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज दुसऱ्याच्या कृत्यास तो जबाबदार नाही. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हीच दिशा स्वीकारली. निर्णय न्याय्य आहे याविषयी शंका नाही. परंतु त्याची मांडणी शक्तीवरून जबाबदारी मोजते, आणि शक्ती तर कंपनीच्या इच्छेनुसार बदलते. घटना २०१६ सालची होती. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला इतरांचा मजकूर सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. ती प्रसिद्धीनंतरची असल्याने निर्णयाच्या शब्दांस बाध येत नाही, हे खरे. डिस्कॉर्डवर मात्र ठरावीक शब्द असलेला संदेश प्रकट होण्यापूर्वीच अडविण्याची योजना चालकास करता येते. तेथील ‘ॲडमिन’ आणि येथील ‘ॲडमिन’ हे एकाच ध्वनिरूपाचे दोन भिन्न शब्द आहेत, असे मानणेच शास्त्रशुद्ध ठरेल.

डिस्कॉर्डचा उल्लेख आलाच आहे तर त्याची रचना पाहणे उचित होईल. व्याकरणाच्या अभ्यासकाला तेथे आपल्या ओळखीचे बरेच भेटते. तेथे ‘सर्वजण’ ही एक मूळ भूमिका असते, आणि तिला दिलेल्या अनुज्ञा प्रत्येक सदस्यास लागू होतात. त्यावर आणखी अनेक भूमिका निर्माण करता येतात. एकाच सदस्याकडे अनेक भूमिका असल्यास त्यांच्या अनुज्ञांची बेरीज होते. एखाद्या दालनापुरता निराळा नियम केल्यास तो सामान्य नियमावर मात करतो, आणि एका व्यक्तीपुरता केलेला नियम त्याहूनही बलवत्तर ठरतो. पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद यांचाच हा संबंध नव्हे काय? दालनापुरत्या नियमांत दोन भूमिकांचा परस्परविरोध आला, तर तेथे अनुज्ञा निषेधास जिंकते. ही उदारता लक्षात घेण्याजोगी आहे. शिवाय भूमिकेचे नाव आणि तिचे अधिकार यांचा तेथे काही संबंध नसतो. ‘पंतप्रधान’ असे नाव देऊन एकही अधिकार न देणे शक्य आहे. राज्यव्यवहारकोशात पेशवा, मुजुमदार, डबीर या पदांस पंतप्रधान, अमात्य, सुमंत अशी नावे आली तेव्हा नाव बदलले, काम तेच राहिले. येथे नाव हे केवळ लेबल उरते. सूक्ष्मतेच्या दृष्टीने ही रचना व्हॉट्सॲपच्या द्विवर्णव्यवस्थेपेक्षा निश्चित सरस आहे. तथापि मालक या सर्व नियमांच्या बाहेर उभा असतो, आणि त्याला बांधणारे सूत्र तेथेही नाही.

या साऱ्याच्या पूर्वजाचा एक शब्द मात्र मनोवेधक आहे. फिनलंडमधील औलू येथे १९८८ मध्ये जन्मलेल्या आय.आर.सी. या संवादपद्धतीत नियंत्रित दालनात बोलण्याची अनुज्ञा ज्यास मिळे, त्याला ‘आवाज’ मिळाला असे म्हणत. मराठीत आपण वाचा फुटली, वाचा बसली असे म्हणतो. वाचा देणारा व घेणारा बहुधा देव असतो.

पर्यायी संज्ञेविषयी दोन शब्द. ‘समूहप्रशासक’ हा शब्द मूळ दोष जसाच्या तसा ठेवतो. ‘नियंत्रक’ डिस्कॉर्डपुरता चालेल. गृहनिर्माण संस्थेपुरता मला ‘कारभारी’ हा शब्द अधिक रुचतो, कारण कारभारी म्हटले की त्याच्यामागे धनी कोण हा प्रश्न आपोआप येतो, आणि येथे धनी सर्वसाधारण सभा आहे. अर्थात केवळ शब्द बदलून भागणार नाही. नियमावलीत ‘काढून टाकण्यात येईल’ हे वाक्य ज्या ठिकाणी आहे, त्या ठिकाणी सदस्यांऐवजी कारभाऱ्यास उद्देशून, त्याला जे करता येते पण त्याने जे करू नये ते सांगणारे वाक्य असावे : ‘सर्वसाधारण सभेच्या ठरावावाचून, व संबंधित सभासदाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून, कारभाऱ्याने कोणासही गटातून काढू नये.’ हे वाक्य यंत्राला पाळायला लावता येणार नाही; ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे लागेल.