धरणे, टाचणे, खिळविणे : लिनक्सच्या स्मृतिव्यवहारातील एका शब्दभेदाची चिकित्सा

यंत्रशास्त्रीय लेखनाकडे भाषेचा अभ्यासक सहसा वळत नाही; वळलाच तर परिभाषाकोशात कोणता प्रतिशब्द घालावा एवढ्यापुरताच. परंतु ज्या लेखनात एका क्रियापदाच्या निवडीवर माहितीची शुद्धता अवलंबून असते, ते आपल्या कक्षेबाहेरचे मानणे उचित होणार नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०२० साली असा एक शब्दभेद नव्याने करण्यात आला. तोवर ‘गेट यूजर पेजेस’ या एकाच नावाखाली चालणाऱ्या व्यवहारातून ‘पिन यूजर पेजेस’ हा दुसरा व्यवहार वेगळा काढला गेला. या भेदाचे विवरण करणारा एक दस्तऐवज कर्नलसोबत दिलेला असतो. त्या दस्तऐवजाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भेद आवश्यक होता, परंतु त्याला दिलेली नावे अर्धीच यथार्थ आहेत, असे माझे मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संगणकाच्या स्मृतीचे ‘पाने’ या नावाने तुकडे पाडलेले असतात. एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे असते. कार्यक्रम जो पत्ता वापरतो तो खरा पत्ता नव्हे. खरा पत्ता कोष्टकात असतो, आणि प्रोसेसर दर वेळी ते कोष्टक पाहून खऱ्या जागी जातो. त्यामुळे कर्नलला पान एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येते, किंवा तात्पुरते डिस्कवर पाठविता येते. कार्यक्रमाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण नेटवर्क कार्डासारखे जे उपकरण प्रोसेसरच्या मध्यस्थीविना थेट स्मृतीत लिहिते, त्याच्या हाती पत्ता एकदाच दिलेला असतो. मधल्या काळात पान हलले, तर उपकरण जुन्याच जागी लिहीत राहील, आणि ती जागा तोवर दुसऱ्या कोणाच्या मालकीची झालेली असेल. म्हणून ड्रायव्हरने उपकरणाला पत्ता देण्यापूर्वी पान जागीच स्थिर करावयाचे असते.

हा प्रश्न आपल्याकडे परका नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘परम’ मालिकेतील महासंगणक घडविले. त्यांपैकी २००३ साली बंगळूर येथे कार्यान्वित झालेल्या ‘परम पद्म’मध्ये संस्थेने स्वतः तयार केलेले ‘परमनेट-२’ हे जाळे होते, आणि त्यावरील ‘क्षिप्रा’ या संदेशवहनाच्या थराने व्हर्च्युअल इंटरफेस आर्किटेक्चर ही पद्धती अनुसरली होती. या पद्धतीत कार्यक्रमाने स्मृतीचा जो भाग जाळ्याशी थेट जोडावयाचा, त्याची आधी ‘नोंदणी’ करावी लागते. आणि नोंदणी म्हणजे तो भाग जागी स्थिर करणेच होय. तेथे याच क्रियेला ‘रजिस्टर करणे’ असे कचेरीतील नाव आहे, तर लिनक्समध्ये ‘पिन करणे’ असे शिंप्याच्या दुकानातील. एकाच क्रियेची ही दोन नावे तिच्या दोन भिन्न अंगांकडे बोट दाखवितात. पहिले कराराकडे, दुसरे परिणामाकडे.

आता लिनक्समधील जुन्या नावाचा दोष पाहू. प्रत्येक पानाशी एक गणनांक जोडलेला असतो. कोणी पानाचा संदर्भ धरला की तो एकाने वाढतो, सोडला की एकाने उतरतो. शून्यावर येईपर्यंत पान मोडीत काढले जात नाही. ‘गेट’ या क्रियेने एवढेच घडत असे. पान कशासाठी धरले आहे, त्याची नुसती नोंद पाहावयास की त्यातील मजकुरात लिहावयास, हे गणनांकावरून कळण्याचा मार्ग नव्हता. फाइलीशी निगडित पानांच्या बाबतीत ही संदिग्धता घातक ठरली. फाइल-व्यवस्था पानातील मजकूर डिस्कवर उतरविते, पान ‘स्वच्छ’ म्हणून नोंदविते आणि त्यावरील लेखनास प्रतिबंध करते. पुढे कोणी लिहू लागल्यास प्रोसेसर अडखळतो आणि फाइल-व्यवस्थेला वर्दी मिळते. उपकरण लिहिते तेव्हा मात्र कोणी अडखळत नाही आणि कोणाला वर्दीही जात नाही. काम संपल्यावर ड्रायव्हर ‘पान मळले आहे’ असे जाहीर करतो. पण तोवर फाइल-व्यवस्थेने त्या पानासाठी केलेली तयारी मोडून टाकलेली असते. यातून व्यवस्था कोलमडू शकते, किंवा मजकूर बिघडू शकतो. जान कारा प्रभृती कर्नलकारांनी हा दोष २०१८ च्या सुमारास स्पष्टपणे मांडला.

त्यावर जॉन हबर्ड यांच्या पुढाकाराने ५.६ या आवृत्तीत ‘पिन’ची वेगळी वाट काढली गेली. या सुधारणेचा सर्वांत मोलाचा भाग मला ‘पिन’ हा शब्द वाटत नाही. त्याच्यासोबत आलेला ‘अनपिन’ हा शब्द वाटतो. पूर्वी सर्व प्रकारचे संदर्भ ‘पुट’ या एकाच क्रियेने सोडले जात. त्यामुळे आरंभ वेगळा असला तरी शेवट सारखाच दिसे. शब्दाचे मूल्य प्रणालीतील इतर शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे अक्षरशः प्रत्ययास येतो. ‘पिन’ अस्तित्वात नव्हते तोवर ‘गेट’चा अर्थही निश्चित नव्हता.

हा भेद यंत्राने ओळखावा कसा? ५.७ या आवृत्तीपासून योजलेली युक्ती चतुर आहे. ‘गेट’ने गणनांक एकाने वाढतो, ‘पिन’ने १०२४ ने. गणनांक १०२४ किंवा त्याहून अधिक दिसला, तर पान पिन केलेले असावे असे अनुमान करावयाचे. अर्थात हजारावर साधे संदर्भ एकत्र आले तरी तोच भास होईल. म्हणून तपासणी करणाऱ्या क्रियेला ‘पेज मेबी डीएमए पिन्ड’ असे नाव दिले आहे. अनेक लहान पाने एकत्र करून बनविलेल्या मोठ्या पानांसाठी स्वतंत्र मोजणी ठेवलेली असल्याने तेथे हा भास उद्भवत नाही. ‘मेबी’ हा संभाव्यतावाचक शब्द आज्ञावलीतील नावात यावा, हे विरळच. मराठीत ‘आहे’ आणि ‘असावे’ यांत जो फरक आहे तोच येथे नोंदविला गेला आहे. खोटा होकार मिळू शकेल, खोटा नकार मिळणार नाही, आणि सावधगिरी बाळगणाऱ्याला एवढे पुरे होते. नाव देणाऱ्याने आपल्या ज्ञानाची मर्यादा नावातच सांगितली आहे. याबद्दल त्याचे अभिनंदन करावयास हवे.

परंतु त्याच नावातील ‘डीएमए’ हा अंश मात्र आक्षेपार्ह आहे. दस्तऐवजात पाच प्रसंग सांगितले आहेत. पहिला डिस्कशी होणाऱ्या अल्पकालीन थेट व्यवहाराचा, दुसरा जाळ्यावरून होणाऱ्या दीर्घकालीन थेट लेखनाचा, तिसरा ज्या यंत्रांना पान हलल्याची वर्दी देता येते त्यांचा, चौथा पानाच्या केवळ नोंदीशी काम असण्याचा, आणि पाचवा पानातील मजकुरात लिहिण्याचा. या पाचव्या प्रसंगी डीएमए मुळीच नसले तरी ‘पिन’च वापरावे, असे दस्तऐवजच सांगतो, इतकेच नव्हे, तर हा प्रसंग पहिल्या दोहोंना पोटात घेणारा मानता येईल, असेही म्हणतो. मग उपकरण हा भेदाचा खरा निकष राहत नाही. पानाविषयी काम की पानातील मजकुराशी काम, हा खरा निकष होय. व्याकरणाच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. अष्टाध्यायीत (१.१.६८) पाणिनीने स्पष्ट केले आहे की, शास्त्रात शब्द आला असता, तो संज्ञा नसल्यास, त्याचे स्वतःचे रूप घ्यावयाचे, त्याचा अर्थ नव्हे. ‘गेट’ पानाचे रूप धरते, ‘पिन’ त्याच्या आशयाला हात घालते. दस्तऐवजाने हे तत्त्व अखेरीस एका सारांशात सांगितले आहे खरे. पण वर्गीकरणाचा पाया म्हणून ते आरंभीच यावयास हवे होते. उपकरणांच्या यादीने सुरुवात केल्यामुळे नवखा ड्रायव्हरकार ‘माझ्या कामात डीएमए नाही, तेव्हा गेट पुरे’ असा चुकीचा निष्कर्ष काढू शकतो. आणि नावांचे पालन हा निव्वळ संकेत आहे. कंपायलर त्याला अडविणार नाही.

दुसरा आक्षेप ‘लाँगटर्म’ या शब्दावर. दीर्घकाल म्हणजे किती, याचे माप येथे नाही, आणि घड्याळाने ते ठरविणेही शक्य नाही. खरा अर्थ असा की, पान केव्हा सुटेल हे कर्नलच्या हाती नसून कार्यक्रमाच्या मर्जीवर आहे. म्हणूनच अशी पाने खिळविण्यापूर्वी, हलवित्या येणाऱ्या पानांसाठी राखलेल्या विभागातून बाहेर नेली जातात. आणि २०२३ सालच्या ६.५ या आवृत्तीपासून, ज्या फाइल-व्यवस्था पानांच्या मळण्याची नोंद ठेवतात त्यांच्या पानांवर लेखनासाठी दीर्घकालीन पिन लावण्यास मज्जाव करण्यात आला. नियम नियंत्रणाविषयीचा आहे, नाव मात्र कालावधीचे आहे. ही विसंगती दस्तऐवजाने उघड करावयास हवी होती.

उरतो मराठीचा प्रश्न. आपल्या वर्गांतून हे विषय बहुधा मराठी वाक्यांत इंग्रजी संज्ञा गुंफून शिकविले जातात, आणि तेथे ‘पेज लॉक होते’ हे एकच वाक्य दोन भिन्न गोष्टींसाठी ऐकू येते. वास्तविक ‘एमलॉक’ या क्रियेने पान स्मृतीबाहेर जात नाही इतकेच. स्मृतीच्या आत ते एका जागेवरून दुसरीकडे हलविले जाऊ शकते. घराला कुलूप लावले म्हणून घरातली खाट हलवता येत नाही असे नाही. ‘पिन’ने मात्र खाटच जमिनीला ठोकली जाते. हा भेद न कळल्यास विद्यार्थी लॉक केलेल्या पानाचा पत्ता निर्धास्तपणे उपकरणाच्या हाती देईल.

प्रतिशब्द घडविताना संस्कृत धातूंकडे धाव घेण्याची आवश्यकता मला दिसत नाही. ‘गेट’साठी ‘धरणे’, त्याच्या उलट ‘सोडणे’. अल्पकालीन ‘पिन’साठी ‘टाचणे’. टाचणी ही पिनच आहे, आणि टाचलेले लौकरच काढावयाचे असते, हे शब्दातच अभिप्रेत आहे. दीर्घकालीन पिनसाठी ‘खिळविणे’. अंथरुणाला खिळलेला रोगी केव्हा उठेल ते वैद्याच्या हाती नसते, आणि येथे नेमका तोच अर्थ हवा आहे. ‘खिळविणे’ला एकशब्दी विरुद्धार्थी क्रियापद नाही, ‘मोकळे करणे’ असे म्हणावे लागेल, ही उणीव मान्य केली पाहिजे. तरीही इंग्रजीने एका ‘पिन’वर ‘लाँगटर्म’ हे विशेषण चिकटवून जे अपुरेपणे साधले, ते मराठी दोन निराळ्या क्रियापदांनी अधिक नेमकेपणाने सांगू शकते. कालावधीचा उल्लेख न करता सुटकेचे नियंत्रण कोणाकडे आहे, हे ती सुचविते.

सारांश, हा दस्तऐवज प्रामाणिक आहे आणि त्यातील सुधारणा मोलाची आहे. पण भेद सापडल्यावर त्याचे तत्त्व शोधण्याऐवजी तो प्रसंगांच्या यादीत विसावला आहे. परिभाषेचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून घेण्यासारखा धडा असा की, मूळ संज्ञेचे भाषांतर करण्यापूर्वी तिने कोणता भेद करावयास हवा होता, हे पाहिले पाहिजे. मूळ नावच अपुरे असेल, तर त्याचा निष्ठावान प्रतिशब्द ते अपुरेपण तेवढे आपल्या भाषेत आणील.